पप्पांच्या दगडावरचा फेस

उत्तन, १२ ऑक्टोबर २०२५

चि. स्टेफनीस आईचे अ. उ. आशीर्वाद.

तू सिस्टर व्हायला गेलीस, तिथे फोन बंद, म्हणून चौथी शिकलेल्या बाईला पेन धरावं लागलं. मी बरी हाय. बोंबील वाळत घातलेत, मांजरं राखत बसते. आता खरं ते लिहिते, घोळवत बसायची मला सवय न्हाय.

दोन नोव्हेंबरला फादर कबरींना आशीर्वाद द्यायला येणार. पप्पांच्या कबरीवरचा दगड शेवाळाने काळा पडलेला. ब्रशने घासघासला, काळा तो काळाच. मग संडासाचं ॲसिड नेलं. ओतल्याबरोबर असा फसफसला, जसा सोडा! मला वाटलं, मळ उकळून निघतोय. बाथरूमच्या लादीवर असाच फेस येतो आणि ती चकाचक होते. म्हणून खुशीत दुसऱ्यांदा ओतलं.

सुकल्यावर बघते तर चमक गेलेली, हाताला किसणीसारखा लागतो. पप्पांच्या नावातला काळा रंग उडाला, अक्षरांच्या कडा झिजल्या. तुझ्या पहिल्या पगाराचा दगड हाय तो. मोरव्याचा लवू मिस्त्री बोलतो, हा काढून फेका, नवीन बसवतो. तू केमिस्ट्री शिकलीस ना? मग चमक परत आणायची पावडर सांग. आणि लवकर सांग.

लोभ ठेव, राग आला तरी ठेव.
तुझी आई, आयरिन

नाशिक, १८ ऑक्टोबर २०२५

ती. आईस स्टेफनीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आधी सांग, ॲसिडची वाफ डोळ्यांत गेली नाही ना? दगडावर भरपूर पाणी ओत, अजून काही लावू नकोस.

आई, तो फेस मळाचा नव्हता, दगडाचा होता. संगमरवरावर ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि त्याचा वायू होऊन बुडबुडे येतात. लादीवर खाऱ्या पाण्याचा जो पांढरा थर बसतो, तोही जवळपास त्याच जातीचा; म्हणून तिथे फेस आला की लादी स्वच्छ होते. तुझा हिशेब चुकीचा नव्हता, जागा चुकीची होती. पण दुसऱ्यांदा ओतलंस, हे वाचून आमच्या मोठ्या सिस्टरसुद्धा हसल्या.

गेलेला दगड परत आणणारी पावडर नसते. वरून घासून पॉलिश होईल, नाहीतर नवीन बसव. पप्पा तुझेही होते, तू ठरव. नवीन घेतलास तर मागच्या बाजूला लिंबू पिळून बघ. खऱ्या संगमरवरावर बारीक बुडबुडे येतात. नकली असला तर ढिम्म राहतो.

रागावले नाही. तुझ्या प्रार्थनेत मला असू दे.
तुझी स्टेफनी

उत्तन, ३० ऑक्टोबर २०२५

चि. स्टेफनीस अ. उ. आशीर्वाद.

डोळे शाबूत हायत. तुझ्या मोठ्या सिस्टरला सांग, इकडे येऊन शेवाळ घासून दाखव, मग हस.

लवू नवीन दगड घेऊन आला. पांढराफेक, आरशासारखा. बोलला, आयरिनबाय, एकदम असली माल. मी पदरातून लिंबू काढलं. तो बोलला, दगडाला काय सरबत पाजता? मी पिळलं. काय न्हाय. परत पिळलं, कान लावून बसली. ढिम्म! तेव्हा लवू बोलायला लागला की भारी मालाला फेस येत नसतो. मी बोलली, मेल्या, माझी पोरगी बीएस्सी हाय, तू मला शिकवू नको. मग खरं बोलला, दुकानदाराने दिला तसा आणला, असली का नकली ते त्याला स्वतःलाच ठाऊक न्हाय.

मग तेच लिंबू पप्पांच्या दगडावर पिळलं. फक्त एक थेंब, कोपऱ्यात. लगेच फसफसला. एवढा जाळला मी त्याला, तरी बोलतोच हाय. मला रडू आलं. लवूला सांगितलं, लिंबू डोळ्यात उडालं.

नवीन दगड परत पाठवला. लवूने जुनाच मशीनने घासला, पॉलिश केला, अक्षरं पुन्हा खोल कोरली. मी बाजूला स्टूल टाकून बसलेली, हलली न्हाय. शेवटी तो बोलला, बाय, नखाएवढा पातळ झालाय. मी बोलली, होऊ दे. मीपण झाली.

रविवारी त्याच्यावर तुझ्या नावाची एक मेणबत्ती जास्त लावीन. ॲसिडची बाटली संडासात हाय, तिथेच राहील.

लोभ होता तेवढाच ठेव, कमी करू नको.
तुझी आई, आयरिन