रुसण्याआधी

सावेडी, २ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र. मंगल कार्यालयातल्या माझ्या नोकरीचे तीन महिने संपत आलेत. परवाच्या लग्नात नवरदेवाच्या मामांना फेटा बांधायचा राहिला. ते जे रुसले, ते थेट जीपमध्ये जाऊन बसले. आमाला कुनी इचारलंच न्हाई, हा एकच हेका. मी तीनदा सरबत घेऊन गेले. मुहूर्त पन्नास मिनिटं टळला, भात गार झाला.

मालक वैजनाथराव भले आहेत, पण त्यांनी शेरा मारला की निकिता कष्टाळू आहे, मात्र 'प्रोॲक्टिव्हली' काम करत नाही. बारा तारखेचं लग्न बघून मला कायम करायचं की नाही ते ठरवणार. इथून काढलं तर पुन्हा घरी बसायचं, आणि मला ते अजिबात नकोय. तू चाळीस वर्षं शाळेत शिकवलंस, तर या शब्दाचा अर्थ सांग. डिक्शनरी बघितली, पण डिक्शनरीला मामा नसतो.

उत्तर लवकर धाड, आणि माझ्यावर आहे तो जीव असू दे.
तुझी निकिता


बेलापूर, ६ डिसेंबर २०२५

चि. निकितास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्याकडे त्याला साधं 'अगोदरच' म्हणतात. गरज दारात यायच्या आत तिची सोय करून ठेवणं, एवढाच अर्थ. वापर मात्र अवघड. आपल्या घराण्यात हा शब्द सगळं घडून गेल्यावर निघतो. मी अगोदरच सांगितलं होतं, असं तुझे वडील म्हणायला लागले की नुकसान झालंय असं समजायचं. तो तोंडाने नाही, हाताने वापरायचा असतो.

रुसणारा प्रत्येक लग्नात असतो. त्याला लग्नाच्या दिवशी शोधू नकोस. मानपानाची यादी वडीलधारे करतात. त्यांना भांडणं आठवतात आणि माणसं राहून जातात. तेव्हा नवरदेवालाच फोन कर. मामा किती ते मोज आणि दोन फेटे जादा ठेव. रडत बसू नकोस, तुला जमेल. वेळेवर जेवत जा.

माया आहेच, तिची काळजी नको.
तुझी आत्या


सावेडी, १३ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
नमस्कार, आणि बातमी लगेच: मी कायम झाले!

बारा पस्तीसचा मुहूर्त, बारा पस्तीसलाच अक्षता पडल्या. यादीत मामा एकच होता, निघाले तीन. तिघांना दारातच एका वेळी फेटे बांधले, म्हणजे पहिला-दुसरा हा प्रश्नच मिटला. तिघंही मिशांना पीळ देत फोटो काढत होते.

पण खरी गंमत पुढे आहे. नवरदेव ओंकार पाथर्डीकडचा. आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जायचे, तेव्हा त्याला विधवा चुलतीने, बनुबाईंनी वाढवलं. त्यांचा मान काय, असं मी फोनवर विचारलं. तो म्हणाला की काकू पुढं येनारच न्हाई, भांडी मोजत मागं बसंल. मी त्याच्या आईशी बोलले. तिच्याही मनात बनुबाईंना मान द्यायचं होतं, पण विषय काढायचा कसा हे तिला कळत नव्हतं.

काल मानपानाचा पहिला पुकारा बनुबाईंच्या नावाचा झाला. त्यांना खरंच वाटेना. ओंकार स्वतः गेला, हात धरून त्यांना पुढे आणलं, साडीचोळी दिली आणि पाया पडला. अख्खं कार्यालय टाळ्या वाजवत होतं. वैजनाथराव डोळे पुसत आले आणि म्हणाले की उन्हाळ्यातली सगळी लग्नं आता तूच बघायची.

अशीच पाठीशी राहा.
तुझी, पक्क्या नोकरीची, निकिता


बेलापूर, १७ डिसेंबर २०२५

चि. निकितास,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलं. शेजारच्या जयाने ते दोनदा ऐकलं आणि दोन्ही वेळा ती रडली.

एक कबूल करते. मी तुला रुसणारी माणसं शोधायला सांगितलं होतं. तू न रुसणारी शोधलीस. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

तुझ्या दादाच्या लग्नात मी मागे पोरांच्या चपला राखत बसले होते. हे जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. कोणी पुढे बोलावलं नाही, मीही बोलले नाही, आणि त्याचं वाईट वाटलं हे आजवर कोणाला सांगितलं नाही. आज तुला सांगते.

फेब्रुवारीत तुझ्या बहिणीचं, ज्ञानेश्वरीचं लग्न आहे. त्या लग्नात मी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसणार. हिरवी पैठणी कालच घेतली. तुझ्या वडिलांना तसं पत्रही टाकलंय. त्यावरून कोणी रुसलं, तर बघायला तू आहेस.

तुझी आत्या, रंगुबाई