डाव्या कानामागची पट्टी

धुळे,
रविवार, ९ सप्टेंबर १९६२

चि. अभिमन यास,
वेणूअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पंधरा दिवस लागले, रागावू नकोस. शाळा सुटली की अंग टाकावंसं वाटतं. रविवार उरतो, तर तो महिला मंडळातल्या बाहुल्यांच्या वर्गानं खाल्ला. वर्ग मीच हौसेनं काढला, आता माझ्याच गळ्यात पडला आहे. आरंभी चौदा बायका होत्या, आता सहा आहेत. त्यातली एक तुझी सून आणि दुसरी आमच्या नासीर शिंपीमास्तरांची सकीना. या दोघींच्या जिवावर सगळं चाललं आहे.

मथुरेची काळजी करू नकोस. ट्रेनिंग कॉलेजातला अभ्यास नीट करते, वेळेवर जेवते, माझे पायही चेपून देते. निंबाचं पत्र आलं की दिवसभर गप्प असते आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट बोलते. लग्न झालं आणि तीन महिन्यांत नवरा पलटणीत परत गेला, तेव्हा एवढं चालायचंच.

दिवाळीसाठी खेळ बसवतो आहोत. गोष्ट चीनमधली आहे, एका जुन्या मासिकात सापडली. राजा एक लांबच लांब भिंत बांधायला गावोगावची माणसं धरून नेतो. त्यात एका नव्या लग्नाच्या मुलीचा नवरा जातो. थंडी पडते तशी ती कापूस भरून बंडी शिवते आणि ती द्यायला पायी निघते. पोचते तेव्हा कळतं, तो केव्हाच मेला, भिंतीखालीच पुरला. ती इतकी रडते की भिंत कोसळते. मी वाचून दाखवली. मग सकीना म्हणाली की दुसरी शोधू नका, हीच करू.

डोकी आम्ही घरीच करतो. चिकणमातीचा गोळा घडवायचा, त्यावर मेथी घातलेल्या खळीत भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायच्या, वाळलं की मागून कापून माती काढून घ्यायची आणि पुन्हा सांधायचं. मग बोट घालून नाचवायचं. नवऱ्याचं डोकं मथुरेनं एकटीनं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. मानेला दोन बोटं जातील एवढं भोक ठेवलं आहे. मी म्हटलं, अगं, हा माणूस आहे की रांजण? तर हसली नाही.

हा खेळ तुमच्या वाचनालयात करता येईल का? तू चिटणीस आहेस, तेवढा तरी उपयोग होऊ दे. सौ. सिंधूला आशीर्वाद.

माया आहे तशी राहो, उत्तर मात्र माझ्याहून लवकर दे.
तुझी,
वेणूअक्का


जळगाव,
१४ सप्टेंबर १९६२

ती. वेणूअक्कास,
अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. चिटणीसपणाचा उपयोग होईल. रविवार ४ नोव्हेंबर तुमच्या नावानं धरून ठेवला आहे. पुढच्या तीन सतरंज्या मुलांना, मागं खुर्च्या. आमचा शिपाई झिपरू आत्ताच विचारतो आहे की बाहुल्या बोलणार का, आणि बोलणार तर अहिराणीत का नाही.

एक गोष्ट मनात आली ती लिहितो. पेपरात सरहद्दीचं रोज काहीबाही येतं आहे. तुला दुसऱ्या मुलखाची गोष्ट सापडली नाही का? पण तू ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. लहानपणी तू माझा पतंगसुद्धा तुझ्या मनासारखा बांधायचीस.

निंबाचं आम्हालाही पत्र आहे. नेहमीप्रमाणे पेन्सिलीनं लिहिलेलं, पत्त्याच्या जागी नुसते आकडे. कुठं आहे ते लिहायची परवानगी नाही, पण थंडी फार आहे म्हणतो. सिंधूनं तेवढंच धरलं. लहानपणी त्याचा डावा कान फुटायचा, ती रात्ररात्र कोमट तेल घालत बसायची. आता रोज विचारते की तिथं तेल कोण घालत असेल. तिला वाचता येत नाही, म्हणून तेच पत्र मी आतापर्यंत नऊ वेळा वाचून दाखवलं. कापसाच्या जिनिंगमधून घरी यायचं आणि पत्र वाचायचं, असा नेम झाला आहे.

पाय चेपून घेत जा, पण सुनेला दमवू नकोस.
आशीर्वाद कमी पडू देऊ नयेत,
तुझा अभिमन


धुळे,
१५ ऑक्टोबर १९६२

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाहुल्यांची पत्र्याची पेटी आजच्या एस.टी.नं पाठवते आहे. रंगमंचाची उंची बाहुल्यांवरून ठरवायची असते, म्हणून आधी पाठवली. पडदा आणि भिंत आमच्याबरोबर येईल. भिंत खोक्यांची आहे आणि सारखी नको तेव्हा पडते, त्यामुळे सगळ्यात जास्त तालीम तिचीच झाली.

गोष्टीतल्या बायकोच्या हातातली बंडी नीट बघ. सकीनानं बोटभर बंडीत खरा कापूस भरून धावदोरा घातला आहे. नासीरमास्तर म्हणाले, एवढ्या मेहनतीत मी चार सदरे शिवले असते.

मथुरेचा निरोप आहे. सगळ्यात वर मलमलीत गुंडाळलेला नवरा आहे, तो कोणी काढू नये, ओल लागू देऊ नये. मी तिला म्हटलं की सासरा आहे तुझा, चोर नाही. तरी हे लिहाच म्हणाली.

माझं अंग दोन दिवस कणकणतं आहे. खेळ होऊन जाऊ दे, मग वर्ग दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करणार आहे.

भाऊबीजेला ये. ओवाळणी नसली तरी चालेल.
तुझी,
वेणूअक्का


जळगाव,
८ नोव्हेंबर १९६२

ती. वेणूअक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला आलो नाही, चार तारखेचा खेळ रद्द झाल्याची नुसती तार केली. त्याहून जास्त लिहिण्याचं बळ नव्हतं. लढाई सुरू झाल्यापासून घरात कोणाला झोप नाही. सव्वीस सप्टेंबरनंतर निंबाचं अक्षर दिसलेलं नाही. पोस्टमन लांबून येताना दिसला की सिंधू दारात जाऊन उभी राहते, आणि तो मान खाली घालून पुढं जातो. त्या बिचाऱ्याचा काय दोष.

आता वाईट गोष्ट लिहितो. परवा वाचनालयाची सभा झाली. रुपचंद वकिलांनी सगळ्यांदेखत विचारलं की चिटणिसांचा मुलगा तिकडे लढतो आहे आणि चिटणीस घरात चिनी बाहुल्या सांभाळतात, हे काय आहे? मी समजावून सांगायला हवं होतं, की ती एका बाईची गोष्ट आहे आणि त्या बाईलाही तिथल्या राजानंच रडवलं आहे. पण ते मी सांगितलं नाही. खरं सांगू का अक्का, मलाही राग आला होता. तुझ्यावर, त्या गोष्टीवर, सगळ्यांवरच. मीच उठून म्हणालो की रविवारी चौकात चिनी पुढाऱ्याचा पुतळा जाळणार आहेत, त्यात पेटी टाका. टाळ्या पडल्या.

त्याच दिवशी दुपारी तीनला पोरं पेटी न्यायला येतील. मथुरेला तूच सांग. तिची मेहनत वाया गेली, मला कळतं. मी आता फार थकलो आहे.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस,
अभिमन


धुळे,
शनिवार, १० नोव्हेंबर १९६२
(नासीरमास्तरांच्या हाती)

अभिमन,
आशीर्वाद. बाकीचं सगळं राहू दे, आधी हे वाच.

पोस्टावर भरवसा नाही आणि मला ताप आहे, म्हणून मास्तर उद्या पहिल्या गाडीनं येत आहेत. पेटी जाळायची तर जाळ, पण मलमलीतला नवरा काढून मास्तरांजवळ दे.

तुझ्यापासून लपवून ठेवलं, ते आता लिहिते. ऑगस्टात वर्गासाठी रद्दी कमी पडली. मी दमून आले होते, खाटेखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला आणि बायकांना फाडायला दिला. मथुरेनं त्या गठ्ठ्यात निंबाची चारही पत्रं ठेवली होती. मी बघितलं नाही. घमेल्यात खळीत बुडाल्यावर तिनं अक्षर ओळखलं. पट्ट्या काढून वाळवायच्या म्हटलं तर हातात तुटत होत्या. अभिमन, तीस वर्षं मुलांना सांगत आले की कागद फाडण्याआधी वाचा, आणि मी हे केलं.

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, जाऊ द्या आत्याबाई, ते आणखी लिहितील. आणि त्याच पट्ट्यांचं तिनं नवऱ्याचं डोकं केलं. पहिला थर तिनं अक्षरं मातीकडे करून लावला, म्हणजे माती काढल्यावर ती आत राहतील. पेन्सिल होती म्हणून पुसली नाहीत. मानेतून बॅटरी टाकलीस तर दिसतील.

आणखी लिहितील म्हणाली होती, त्यानंतर तिला एकच पत्र आलं. तुझं पत्र मी तिला दाखवलेलं नाही. तिनं विचारलं तर काय सांगू ते मला सुचत नाही.

अक्का


जळगाव,
९ जानेवारी १९६३

ती. वेणूअक्कास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

डोकं हाती लागलं एवढा निरोप तेव्हा नासीरमास्तरांबरोबर पाठवला, पण कसं लागलं ते लिहिलं नव्हतं. डिसेंबरात तार आली, निंबा बेपत्ता आहे म्हणून, आणि तुम्ही दोघी आलात तेव्हाही बोलता आलं नाही. आज लिहितो.

मास्तरांची गाडी पारोळ्याजवळ बंद पडली होती. ते आले तेव्हा पेटी जाऊन तास झाला होता. तुझं पत्र वाचून मी तसाच अनवाणी चौकात धावलो. पेटी उघडी होती. पुतळा उभा होता. झिपरूनं निंबाचं, म्हणजे त्या नवऱ्याचं डोकं बोटात घालून लोकांना नमस्कार करायला लावला होता आणि लोक हसत होते. मी जाऊन त्याच्या बोटातून ते ओढून काढलं. वकिलांनी विचारलं की आबा, हे काय. मी म्हटलं, हा आमचा आहे. मग त्यांनी मानानं काडी माझ्या हातात दिली आणि मी ती लावली. तुझी ती बंडी घेतलेली बायको माझ्यासमोर जळली. कापूस होता, फार वेळ लागला नाही.

आता आमचं कसं चाललं आहे ते ऐक. डोकं देवघराच्या कोनाड्यात आहे. मथुरा आठ दिवस राहून गेली, पण तिनं ते मागितलं नाही, हातही लावला नाही. मी बॅटरी टाकून बघितलं. तुटक तुटक आहे. एका ठिकाणी बर्फ पहिल्यांदा पाहिल्याचं आहे. एका ठिकाणी 'कान बरा आहे म्हणून आईला सांग' एवढं स्पष्ट आहे. सिंधूला ते वाचून दाखवलं आणि तिथंच चुकलं. रोज दिवेलागणीला ती समोर येऊन बसते आणि पुढचं वाचा म्हणते. मी पुढचं वाचतो. पुढचं काही नाही अक्का. मी मनानं रचतो. आज डाळ चांगली होती, आज मित्रानं मोजे दिले. तिलाही बहुधा कळतं, पण म्हणते, काल हेच वाचलं होतं, नवीन वाचा. बेपत्ता म्हणजे आहे की नाही हे ती विचारत नाही. मथुरेच्या कुंकवाचं विचारायला आलेल्या बाईला तिनं दारातून परत पाठवलं. रोज नवी ओळ मी कुठून आणू? जिनिंगमध्ये कपाशीच्या गाड्या मोजताना मी त्याचं उद्याचं पत्र जुळवत असतो.

डाव्या कानामागे आत एक पट्टी आहे. ती दुमडून लावली आहे, म्हणून वाचता येत नाही. चाकूच्या टोकानं उचलली तर निघेल, चार शब्द तरी मिळतील. पण डोकं तिचं आहे. मथुरेला विचार, उचलू का.

आता आशीर्वाद मागायलाही संकोच वाटतो,
अभिमन


धुळे,
रविवार, १३ जानेवारी १९६३

चि. अभिमन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मी मथुरेला सगळं वाचून दाखवलं, काडीसकट. यापुढं तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे. ती तेव्हा सकीनाबरोबर पट्ट्या फाडत बसली होती. ती बायको पुन्हा करायची म्हणतात दोघी, चिनीच. खेळ होवो न होवो. कागद मी स्वतः एकेक वाचून देते आहे. गुडघे दुखतात आणि वर्ग अजून माझ्याच गळ्यात आहे.

ऐकून झाल्यावर ती उठून आत गेली. मला वाटलं रडेल. तासाभरानं बाहेर आली ती सोबतचे कागद घेऊन. निंबाची ती चारही पत्रं आणि नंतरचं पाचवं तिला अक्षरन् अक्षर पाठ आहेत. ती तिनं पेन्सिलीनं लिहून काढली आहेत. म्हणाली, आबांना लिहा, आता रचू नका. रोज दोन-दोन ओळी वाचल्या तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतील, तोवर ते स्वतः लिहितील. डोकं आईंजवळच राहू द्या म्हणाली.

पट्टी उचलू नकोस. ती तिनंच दुमडून लावली आहे. बाकीची पत्रं सगळ्यांची आहेत, तेवढे शब्द तिचे आहेत. तिसऱ्या कागदावर मध्येच एक ओळ तिनं कोरी सोडली आहे, ती त्याच शब्दांची जागा. सिंधूला वाचून दाखवताना तिथं अडखळू नकोस, सरळ पुढं वाच.

यंदा तिळगूळ पाठवत नाही. जीव लावून आहे, तेवढा पुरवून घे.
तुझी,
वेणूअक्का