पुडीचं पाणी

१२ मार्च, मंगळवार

तो पडला. लिफ्टच्या खड्ड्यात, दुसऱ्या मजल्यावरून! दुरुस्ती करता करता पाय सटकला म्हणे. त्याच्या जोडीदाराचा फोन आला — "वहिनी, घाबरू नका, शुद्धीवर आहे." घाबरू नका म्हटलं की माणूस जास्तच घाबरतं. पाळणाघरातली पोरं सासूबाईंच्या हवाली केली आणि पळाले. हॉस्पिटलच्या पायरीवर बघते तर एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात सासूबाईंची.

ऑपरेशन चालू आहे. आतडं फाटलंय, मांडीचं हाड मोडलंय. आणखी काही लिहवत नाही.

१३ मार्च

वाचला! आतडं शिवलं, मांडीत सळई घातली. नाकात नळी, पोटात नळी, हातात सुई. तोंड एवढं सुजलंय की मी त्याला पायाच्या अंगठ्यावरून ओळखलं. त्या अंगठ्याला नखच नाही, लहानपणी गेलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "ऑपरेशन चांगलं झालं. आता भीती आहे ती जंतूंची."

हे कुणाला सांगतायत? मला! लग्न झाल्यापासून तो मला 'फिनेल' म्हणतो. पाळणाघर चालवायचं म्हणजे बाटल्या, चमचे, खुळखुळे, सगळं उकळायचं. मग सवयच लागते. सासूबाई म्हणतात, "हिच्या मनात आलं ना, तर आपल्यालाही उकळून दोरीवर वाळत घालेल." आज ते आठवलं आणि हसायच्या ऐवजी रडू आलं. आयसीयूच्या त्या काचेआड मला काहीच उकळता येत नाही.

१४ मार्च, गुरुवार

डॉक्टरबाई सहीसाठी कागद घेऊन आल्या. अपघातात जखमी झालेल्यांना ऑपरेशननंतर चांगले जंतू पोटात दिले, तर वाईट जंतूंची लागण कमी होते का, हे त्या तपासतायत. जंतू — तेही जिवंत! पुडीत वाळवलेले. पाण्यात कालवून नळीतून द्यायचे. काही पेशंटना खरी पुडी, काहींना तुलनेसाठी नुसतं पीठ. कुणाला काय मिळतंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं, ते सीलबंद पाकिटात.

"अहो, दही खाता ना? तसेच असतात."

खाते. पण माझं आतडं शिवलेलं नाही.

"आणि धोका?" मी विचारलं.

"फार क्वचित हेच जंतू रक्तात उतरू शकतात. म्हणून आम्ही लक्ष ठेवतो. नको असेल तर नाही म्हणा. उपचारात काही फरक पडणार नाही."

बाईंनी सरळ सांगितलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण 'रक्तात' हा शब्द काही डोक्यातून जात नाही.

सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या शिकलेल्या बाई सांगतायत, तर दे की सही. तू काय त्यांच्याहून शहाणी?"

दिली. नळीतून पहिली पुडी गेली तेव्हा मी तोंड फिरवून उभी राहिले.

१५ मार्च

ताप नाही. दिवसभर तेवढंच विचारत होते.

१७ मार्च, रविवार

वॉर्डात आणलं. नाकातली नळी काढली. घोट घोट पाणी पितो, दोन शब्द बोलतो, की लागला डोळा. पहिलं काय बोलला असेल? "लिफ्ट चालू झाली का?" मेल्या, तुझी लिफ्ट गेली खड्ड्यात!

इथे माणसं कमी. सिस्टरने पुडी माझ्याच हातात दिली. "गार पाण्यात कालवा. गरम नको हं ताई, गरम पाण्यात जंतू मरतात." मी मान डोलावली. तो डोळे मिटून पडला होता.

इथलं पाणी मी त्याला देत नाही. घरून थर्मास आणते, खळखळून उकळलेलं. गार पाण्याची बाटलीही होती सोबत, तेच उकळून निवलेलं. दोन्ही समोर होती. मी थर्मास उघडला. वाफ आली. पुडी त्यात टाकली.

चुकून नाही. या पानाशी तरी खोटं कशाला बोलू? मेलेले जंतू काही करू शकत नाहीत, एवढंच डोक्यात होतं. मग दोन पेल्यांत वरखाली ओतून निववलं आणि दिलं. तरी कढतच होतं. त्याने फुंकर मारत मारत संपवलं.

१८ मार्च

सकाळी तसंच. संध्याकाळीही.

१९ मार्च

सिस्टरने विचारलं, "ताई, पुडी दिली का?"

"दिली," म्हटलं. दिली तर होतीच!

आज तो थोडा बसला. मला म्हणाला, "फिनेल, वॉर्ड पुसून घे, तुझं मन लागेल." जिवात जीव आला. वाटलं, मी केलं तेच बरोबर.

२१ मार्च, गुरुवार

ताप. पहाटेपासून दात वाजतायत, दोन ब्लँकेटं घातली तरी थांबेना. पोटावरच्या टाक्यांच्या कडेने लालभडक झालंय. डॉक्टरबाई येऊन बघून गेल्या. रक्त तपासायला नेलं.

त्या पुड्या खऱ्या असतील तर? याच दिवसासाठी असतील तर? मी राखणदार आत पाठवायच्या आधीच मारून टाकले. मीच. स्वतःच्या हाताने.

२२ मार्च

रक्तात जंतू सापडले. कोणते ते अजून नक्की नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पुडीतलेच उतरलेत की दुसरे आहेत, हे लवकर कळायला हवं. पाकीट फोडावं लागेल."

पुडीतले असतील, तर सही माझी. पुडीतले नसतील, तर वाचवणारे मारले मीच. कुठूनही फिरा, माझ्याच दारात येता! आणि गप्प बसले तर या बाई चुकीच्या वाटेने शोधत राहणार.

बेसिनपाशी गाठलं त्यांना. त्या हात धूत होत्या. सांगितलं. थर्मास, वाफ, सगळं.

नळ बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. "किती पुड्या?"

"वॉर्डात आल्यापासूनच्या सगळ्या."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "त्या जंतूंनी हे थांबलं असतं असं मी सांगू शकत नाही. तेच तर आम्हाला अजून माहीत नाही. पण नको होतं, तर नाही का नाही म्हणालात?"

काय सांगू? नाही म्हणायलाही घाबरले होते मी.

एकच विनवलं — त्याला मीच सांगेन. त्या बरं म्हणाल्या.

२३ मार्च, शनिवार

पाकीट फोडलं. त्याच्या पुड्या पिठाच्या होत्या. सुरुवातीपासून, सगळ्या!

रक्तातले जंतू दुसरेच, जखमेतून गेलेले. औषध बदललंय. जखम थोडी उघडून धुतली.

म्हणजे मी पीठ मारत होते. जिन्यात उभी राहून हसले, तोंडात पदर कोंबून हसले. झाडू मारणाऱ्या बाईने थांबून विचारलं, "बरं आहे ना?" मग हसू थांबलं. मला कुठे ठाऊक होतं पीठ आहे ते? खरी पुडी असती तरी मी तेच केलं असतं. तो इतका तापलाय की कपाळावरची ओली घडी लगेच वाळते.

२५ मार्च

ताप थोडा उतरला. पुन्हा चढला. पुन्हा उतरला.

त्याला सांगायचंय. जवळ जाते आणि चादर नीट करून परत येते. सांगितल्यावर माझ्या हातचं पाणी पिईल का तो? मला त्या तापाएवढीच याचीही भीती वाटतेय.

२८ मार्च, गुरुवार

काल रात्रीपासून ताप नाही.

सकाळी त्याने पाणी मागितलं. मी थर्मासचं झाकण फिरवायला घेतलं.

"फिनेल, आज गार दे. आता पुडी नाहीये ना?"

पेला हातातच राहिला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सिस्टर तुला सांगत होती तेव्हा मी जागाच होतो."