एकोणचाळीस पिना

४ मार्च
हिला जाऊन आज दोन महिने झाले. लेक फोनवर म्हणाली, बाबा, काहीतरी लिहीत जा, मन मोकळं होईल. मन मोकळंच आहे. तरी लिहितो.
ठराव दोन. एक, हिच्या जुन्या कॉम्प्युटरमधून हिचा आवाज काढणे. दोन, स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलणे.
ही लघुलेखनाचे वर्ग घेत असे. मुलींच्या सरावासाठी उतारे वाचून कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करी. तो बंद पडून सहा वर्षं झाली, पण आत डिस्क आहे. माझ्या फोनवर हिचा एक शब्दही नाही. आमच्यात बोलायची गरजच नसे. न बोलता सगळं कळायचं.
रविवारपर्यंत काम फत्ते.

६ मार्च
डिस्क काढली. लेकीच्या जुन्या लॅपटॉपला जोडायची, बस. दुकानातून केबल आणली. बसेना. केबलचं तोंड बोटाच्या पेराएवढं, डिस्कचं वीतभर वाटावं असं रुंद, पिनांच्या दोन रांगा. परत गेलो. दुकानातली बाई म्हणाली, काका, ही साटाची केबल. तुमची डिस्क त्याच्या आधीच्या जमान्यातली, आयडीई. आधी विचारायचं नाही का?
केबल परत केली. पण चाळीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली आहेत, फिटर ते सुपरवायझर. न जुळणारे दोन पाइप मी जगात पाहिलेले नाहीत. मध्ये रिड्यूसर टाकला की झालं.

७ मार्च
रिड्यूसर मिळाला. त्याला अडॅप्टर म्हणतात. एका टोकाला चाळीस छिद्रं, दुसऱ्या टोकाला यूएसबी. सोबत चार्जरसारखं एक जाडजूड धूड दिलंय. उगाच माथी मारलेलं दिसतं. खोक्यातच ठेवलं.
नळ उद्या.

८ मार्च, सकाळी ११
फसवणूक. डिस्कच्या पिना मोजल्या. एकोणचाळीस! मधली एक नाहीच. पुन्हा मोजल्या. मग प्रत्येकीवर पेन्सिलचं टोक टेकवत मोजल्या. कंपनीने एक पिन कमी दिली आणि इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. अडॅप्टरवालेही सामील. त्यांनी एक छिद्र बुजवून ठेवलंय.

दुपारी ४
अडॅप्टरच्या कडेला एक उंचवटा आहे, तो आडवा येतो. कारखान्यातला गलथानपणा. कानशीने घासून सपाट केला. आता बसला. थोडा जोर लावावा लागला.
दिवा नाही. घरघर नाही. काही नाही.

९ मार्च
लेकीचा फोन. बाबा, त्याला हात लावू नका, दुकानात द्या, आईचा आवाज तेवढाच आहे. मी सांगितलं, काम ऐंशी टक्के झालंय. तर म्हणते, आणि नळाचं? विषय काय, विचारते काय.

१० मार्च
सांधा ढिला असावा. बाहेरून टेफ्लॉन टेप गुंडाळली, सात वेढे. पाणी असतं तर थेंब गळला नसता.
बाकी काही नाही.

१२ मार्च
दुकानात गेलो. दुरुस्तीला नव्हे, सल्लामसलतीला.
बाईने टेप सोडली. बराच वेळ सोडत होती. मग म्हणाली, अहो काका, ती पिन मुद्दामच नसते. उलटं लागू नये म्हणून. उंचवटाही त्याचसाठी. तुम्ही तो घासून उलटं बसवलंत, वर एक पिन वाकवलीत. आणि एवढ्या मोठ्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, वेगळी लागते. ते धूड कुठंय? खोक्यात, मी म्हटलं. वर उपदेश: बसलं म्हणजे चाललं असं नसतं काका. नव्या डिस्का तर एका खाचेत दोन जातींच्या बसतात. चुकीची जातही बसते झकास, पण बोलत नाही.
हे मला सांगायची गरज नव्हती.
चिमट्याने पिन सरळ केली. तिच्याकडचं धूड जोडलं. घरघर सुरू झाली. माझ्या डोळ्यात कचरा गेला. दुकानात धूळ फार.
पहिली फाइल. हिचा आवाज. मिनिटाला ऐंशी शब्द, सुरू. महोदय, विषय: स्वयंपाकघरातील गळका नळ. सदर नळ अकरा महिने गळत असून संबंधित अधिकारी त्याच घरात राहतात.
बाई ओरडलीच, अय्या, आमच्या बाई! मी तिसऱ्या बॅचची! आणि पुढचं हिच्याबरोबर तोंडपाठ म्हणू लागली. त्यांना नऊ वेळा तोंडी सूचना देण्यात आल्या. प्रत्येक वेळी उद्या असे उत्तर प्राप्त झाले.
मग माझ्याकडे बघितलं. म्हणजे काका, ते संबंधित अधिकारी तुम्ही?

१३ मार्च
एकवीस उतारे. नळ, घोरणं, हरवलेला चष्मा, जो डोक्यावर सापडला. गावातल्या प्रत्येक कचेरीत हिची एक तरी विद्यार्थिनी आहे. मी गेलो की बायका हसून खुर्ची देत. मला वाटे, सुपरवायझरचा मान.
लेकीला विचारलं. म्हणाली, उतारे मीच तर टाइप करून द्यायचे बाबा. घरातली दोन माणसं, दोन्ही फितूर. आणि प्रत्येक उताऱ्याच्या शेवटी ही म्हणते, आपली विश्वासू.
ठराव: डिस्क कपाटात. पुन्हा ऐकणार नाही.

१४ मार्च
ऐकली. शेवटचा उतारा एकशेवीस शब्दांचा. वेग फार, तीनदा लावावा लागला. सदर अधिकारी स्वतःहून बोलत नाहीत. विचारल्यास सर्व ठीक असल्याचे कळवितात. तथापि त्यांची बदली करण्यात येऊ नये, ही विनंती.
मग ती थांबते. मागे टप, टप.
४ तारखेला मी लिहिलंय, न बोलता सगळं कळायचं. ते वाचलं. खोडलं नाही.

१५ मार्च
वॉशर आणला. मापाला जुना नेला नाही. चाळीस वर्षांचा अनुभव आहे.
पाऊण इंचाचा निघाला. नळ अर्ध्याचा.
उद्या.