आठ लाखांची ओवाळणी

प्रिय बाळ,

पन्नाशी आली तरी मला तू बाळच, तेव्हा गुरुदत्त वगैरे लिहीत नाही. माझं पोळीभाजी केंद्र झकास चाललंय. वर्तकनगरचा हा गाळा तुझ्याकडून घेतला तेव्हा सगळे म्हणाले, या वयात कशाला नसता उद्योग. आता तेच डबे लावून बसलेत. तुझे राहिलेले आठ लाख द्यायची सोयही झाली आहे.

परवा तू जेवायला आलास आणि निघताना हळूच म्हणालास, "ताई, ते आठ लाख मी भाऊबीजेला ओवाळणीत सोडले, असं लिहून दे ना. बहिणीला दिलं त्यात कोण नाक खुपसणार? मग मला दे सावकाश, रोख." मी गप्प बसले, तर तू समजलास मी तयार आहे. अरे, तोंड उघडलं असतं तर तुला हाकललंच असतं.

ओवाळणीचा हिशेब आपल्यात कोणी विचारत नाही, खरंय. पण तुझ्या मंडपांना फुलं पुरवणारा चांगदेव आणि तुझ्या पंगतींचा स्वयंपाक करणाऱ्या गोदूबाई, तू थकवलेल्या पैशांसाठी कोर्टात जिंकलेत. तुझ्याकडे काय आहे, कुणाकडून काय येणं आहे, ते कोर्टाने तुझ्याकडून लिहून मागितलंय. गोदूबाई हल्ली माझ्याकडे पोळ्या लाटतात. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाहीत, फक्त तू आलास की आत जातात. परवा तू खाल्ल्यास त्या पोळ्या त्यांच्याच होत्या.

मी वकीलबाईंना विचारलं. घेणेकऱ्यांच्या हाती लागू नये म्हणून आपलं येणं लबाडीने दडवणं हा फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. साथ देणारीही सुटत नाही. मला भीती नाही वाटली, राग आला. ओवाळताना मी तुझं आयुष्य मागते, आणि तू ते ताट या कामाला लावलंस.

सोमवारी सकाळी मी कल्याण कोर्टात जाऊन सांगणार आहे की मी तुझे आठ लाख देणं लागते, आणि कोर्ट म्हणेल तिथे भरणार आहे. कोर्टाने मागितलेला तुझा कागदही त्याच दिवशी द्यायचाय. त्यात माझं नाव तू स्वतः लिहिलंस, तर काहीच दडवलेलं राहत नाही. एवढ्यासाठीच हे पत्र. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळलं असतंस. मी कोर्टाच्या दारात तुझी वाट बघेन. नाही आलास, तरी मी आत जाणार आहे.

तुझीच,
आसावरीताई