जाळ्याचं दुसरं टोक

माय,

तुले अन् बाबाले दिल्लीहून देवानंदचा दंडवत.

मी मजेत आहो. संसदेच्या कॅन्टीनमधलं काम जमलं. तांदूळ आपल्यासारखा नाई, पण पोटभर भेटते. स्वेटर घेतला, काळजी नको करू.

आपल्या नदीवरच्या पुलाचा प्रश्न खासदारसाहेबांनी दिला आहे, पण पाळी येतच नाई. अकरा वाजता सभा भरते, दोन्हीकडचे "तुमच्यामुळंच अडलं" म्हणून ओरडतेत, सभा तहकूब होते, अन् बारा वाजाच्या आत सारे माह्याकडं चहाले हजर.

आपली धाकटी दामिनी फोनवर सांगत होती, पूल कोणामुळं अडला यावरून बाबा अन् काका भांडले. आता काका तलावावर जाळ्याचं दुसरं टोक धराले येत नाई म्हणते. खरं आहे काय? एका काठावरून बाबा जाळं कसं ओढत असन?

बाबाले सांग, काल सभागृहात एकमेकांवर बोट रोखणारे दोघं माह्यासमोर एकाच टेबलावर जेवले. एकानं आपली भजी दुसऱ्याच्या ताटात टाकली. चटणी मीच वाढली.

नदीवरचा पूल कधी होईल, मले ठाव नाई. काकाच्या घरी जाले पूल लागत नाई.

तुहा,
देवानंद