चंद्रीच्या दुधातलं पैलवान

कोल्हापूर, ३ डिसेंबर २०२४

चि. राजनंदिनीस चिमणाआजीचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझी चिठ्ठी पोचली. फोनवर तू घाईत असतीस, कागद कसा, परत परत वाचाय येतोय. दिवाळीत कालेजात तपासाय आपल्या चंद्री म्हशीचं दूध बाटलीतनं पुण्याला नेलंस, तवा तुझा दादा राजवर्धन किती हसलाता! आता त्याचं तोंड बंद. त्यात असलं जंतू निघालं म्हणं, की तीन-तीन औषधं घातली तरी मरंनात! बाई गं, मला काय आनंद झाला. दुसऱ्याच्या दुधातलं जंतू एका औषधात गार, आन आपलं उभंच!

सकाळी दूध-कट्ट्यावर गिऱ्हाईक चंद्रीची धार पेल्यात घेऊन तिथंच कोमट कोमट पितंय, त्या सगळ्यास्नी सांगितलं. तालमीचं ज्ञानूवस्ताद म्हणालं, असल्या दुधावरच पैलवान टिकतोय. दुसऱ्या दिवशी चार पेलं जास्ती गेलं. शेजारी धार काढणाऱ्या झुंबरबाईचं तोंड बघाय पायजे हुतंस.

तुझ्या वहिनीला, भाग्यश्रीला, सहावा लागलाय. तिला रोज पेलाभर तसंच कच्चं देतोय. उकळून सत्त्व घालवायचं कशाला?

एक तेवढं कळंना. तू लिवलंयस, काळजीची गोष्ट हाय. कुणाची काळजी, जंतूची?

खोकला कमी हाय. माया हायच, ती वाढू दे.

तुझी आजी


पुणे, ७ डिसेंबर २०२४

ती. आजीस राजनंदिनीचा सा. न. वि. वि.

फोन केला तर ऐकू येत नाही म्हणून ठेवलास. दादाला सांगितलं, तर म्हणाला, आजीपुढं बोलायची माझी टाप नाही. म्हणून तुलाच लिहिते.

आजी, ते जंतू चांगले नाहीत. ते पोटात जाऊन ताप आला, तर डॉक्टरांचं औषधही लागू पडत नाही. वहिनी आणि बाळ, दोघांनाही धोका आहे. चंद्रीला दगडी होऊन कास सुजली होती, तेव्हा सुया पाच दिवसांच्या होत्या, तू दोन दिवसांत थांबवल्यास. अशानं दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. त्यांच्याजवळ औषध चुकवायचा डाव जणू चिठ्ठीवर लिहिलेला असतो. त्याला जनुक म्हणतात. शेजारचा जंतू, मग तो परक्या जातीचा का असेना, ती चिठ्ठी उतरवून घेतो.

वहिनीचं दूध आजपासून उतू येईपर्यंत उकळ, उकळीपुढं ते जंतू टिकत नाहीत. आणि रागावू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
नंदी


कोल्हापूर, १३ डिसेंबर २०२४

चि. नंदीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. भाग्यश्रीला हाक मारली, पोट दुखतंय का, ताप हाय का, इचारलं. तिनं मान खाली घातली. म्हणाली, आजी, पहिल्या दिवसापास्नं उकळूनच पितोय, तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलली न्हाय. माझ्या घरात माझं न ऐकणारी निघाली, आन मला आनंदानं रडू आलं बघ. तिला जवळ घेतली, मग चांगली शिवीबी दिली.

पर कट्ट्यावरचं काय करू? सगळ्यास्नी सांगितलं, उकळून प्या. ज्ञानूवस्ताद हसलं, म्हणालं, म्हातारे, परवा जंतू पैलवान हुतं, आज चोर झालं व्हय? बाकीची म्हणत्यात, दूध घरच्यासाठी राखाय म्हणून असं सांगतीया. पहिलं सांगितलेलं गावभर गेलं, दुसरं कट्ट्यावरनं हलंना. हे कसं गं?

काल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असणारा एकजण चार वर्साची पोरगी घेऊन आला. मी पेल्यावर हात ठेवला, दिलं न्हाय. तर तो तिला झुंबरबाईकडं घेऊन गेला. पोरीनं पेला रिकामा केला.

नंदे, एक तुला सांगितलं नव्हतं. चंद्रीच्या उरलेल्या सुया झुंबरबाईच्या म्हशीला मीच दिलत्या, त्याबी अपुऱ्याच.

उद्यापास्नं दूध उकळाय माझी शेगडी तिच्या म्हशीजवळ. ती बोंबलंल, बोंबलू दे.

रविवारी ये, कट्ट्यावर दाखवाय कालेजचा शिक्का मारलेला कागद आण. तोवर तुझ्या येड्या आजीवर रुसू नकोस.

तुझी,
चिमणाआजी